विषाणू आटोक्यात आला, आयुष्याचे काय?

सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार केंद्रात, रुग्णाचा दिवस ठरलेल्या क्रमाने जातो. नोंदणीच्या टेबलाशी उपचारांची पुस्तिका द्यायची, वजन करून घ्यायचे, मागच्या वेळच्या गोळ्यांपैकी किती उरल्या ते मोजून दाखवायचे, समुपदेशकाशी बोलायचे, डॉक्टरांना भेटायचे आणि शेवटी औषधांच्या खिडकीवरून पुढच्या महिन्याच्या, प्रकृती स्थिर असल्यास अधिक महिन्यांच्याही, गोळ्या घेऊन बाहेर पडायचे. अशा वेळी कोणी दारात थांबवून ‘इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात ना?’ असे विचारले, तर बहुतेकांकडून ‘हो, सगळे चांगले आहे’ असेच उत्तर येते. हे उत्तर खोटे असते असे म्हणता येणार नाही. पण त्यावरून रुग्णाचे आयुष्य कसे चालले आहे, हे मात्र कळत नाही.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ३ लाख ९४ हजार, महाराष्ट्रातील होत्या. २०११ च्या जनगणनेतील अकोला शहराच्या लोकसंख्येच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. यांतील फार मोठा वर्ग आज नियमित औषधे घेऊन नोकरी-व्यवसाय करतो आहे, मुलांना शाळेत पोहोचवतो आहे, लोकलमध्ये आपल्या शेजारी उभा आहे. एड्स म्हणजे खंगत जाणारा देह, हे नव्वदच्या दशकात मनावर ठसलेले चित्र आता बव्हंशी कालबाह्य झाले आहे.

येथे दोन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. एचआयव्ही हा विषाणू आहे, तर एड्स ही त्या संसर्गाची प्रगत अवस्था आहे. रोगप्रतिकारशक्तीचा कणा असलेल्या सीडी-४ पेशी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे २०० च्या खाली गेल्या, किंवा क्षयासारखे संधिसाधू आजार बळावले, की ही अवस्था आली असे मानले जाते. तिथपर्यंत पोहोचलेला रुग्णही योग्य उपचारांनी पुन्हा उभा राहू शकतो. म्हणूनच रुग्ण किती काळ जगेल, या प्रश्नापाठोपाठ तो कसा जगेल, हा प्रश्न आता पुढे आला आहे.

पाव शतकातील स्थित्यंतर

१९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद झाली आणि जगाला या आजाराची पहिली चाहूल लागली. भारतात १९८६ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातील पहिले संसर्ग शोधून काढले. डॉ. सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच ‘नॅको’, स्थापन झाली. मात्र त्या काळात निदान झाल्यानंतर रुग्णाला देण्यासारखे डॉक्टरांच्या हाती फार काही नव्हते.

१९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रभावी ठरतो हे सिद्ध झाले. पण श्रीमंत देशांत त्याचा वार्षिक खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीने तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात, देण्याची तयारी दाखवली आणि औषधांच्या जागतिक बाजाराचे गणित बदलले. १ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. प्रारंभी प्रतिकारशक्ती बरीच खालावलेल्या रुग्णांनाच औषधे मिळत. २०१७ पासून मात्र निदान होताच, सीडी-४ पेशी कितीही असल्या तरी, उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

औषधांचे स्वरूपही बदलले. सुरुवातीच्या काळात सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘स्टॅव्हुडिन’ या औषधाने जीव वाचत असे. पण दीर्घकाळ घेतल्यास गाल बसत, हातापायांवरील चरबी झडून शिरा उठून दिसत. म्हणजे ज्या औषधाने माणूस जगत होता, त्याच औषधाने त्याचा चेहरा त्याचे गुपित उघड करीत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या औषधाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. आता बहुतेक प्रौढांना ‘डोल्युटेग्राविर’ आणि अन्य दोन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. झोप कमी होणे, वजन वाढणे अशा तक्रारी तिच्याबाबतही आढळतात. तथापि पूर्वीच्या मानाने हा उपचार पुष्कळच सुसह्य आहे.

तीन उद्दिष्टे आणि चौथे

संयुक्त राष्ट्रसंघाच्या एड्सविषयक कार्यक्रमाने २०१४ मध्ये ‘९०-९०-९०’ हे लक्ष्य जाहीर केले. बाधितांपैकी ९० टक्क्यांना आपल्या संसर्गाची माहिती असावी, त्यांतील ९० टक्क्यांना उपचार मिळावेत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांच्या शरीरातील विषाणू नियंत्रणात असावा, असा त्याचा अर्थ. पुढे हे लक्ष्य ९५ टक्क्यांवर नेण्यात आले. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, त्यांचे तक्ते करता येतात, जिल्ह्याजिल्ह्यांची तुलनाही करता येते.

परंतु विषाणू नियंत्रणात आल्यानंतर पुढे काय, या प्रश्नाला या तीन आकड्यांत जागा नव्हती. २०१६ मध्ये काही संशोधकांनी त्यात ‘चौथ्या नव्वदी’ची भर घालावी असे सुचवले. विषाणू नियंत्रणात असलेल्यांपैकी ९० टक्के व्यक्तींचे आरोग्यविषयक जीवनमान चांगले असावे, अशी ही मांडणी होती. ती सर्वमान्य झाली नसली, तरी यशाची व्याख्या प्रयोगशाळेच्या अहवालापाशी संपत नाही, हा मुद्दा तिने ठामपणे पुढे आणला.

आयुष्य मोजायचे कसे?

‘जीवनमान’ हा शब्द आपण बहुधा उत्पन्न, घर, वाहन या अर्थाने वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या वेगळी आहे. आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो, तिच्या संदर्भात आणि आपल्या अपेक्षा, ध्येये व चिंता लक्षात घेऊन व्यक्तीला स्वतःचे आयुष्यातील स्थान कसे वाटते, याला ही संघटना जीवनमान म्हणते. येथे ‘वाटते’ हा शब्द महत्त्वाचा. हे मोजमाप डॉक्टर करू शकत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते.

त्यासाठी संघटनेने एचआयव्हीबाधितांकरिता खास प्रश्नावली तयार केली. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत ३१ प्रश्न आहेत. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, स्वावलंबन, सामाजिक संबंध, भोवतालची परिस्थिती आणि श्रद्धा किंवा आध्यात्मिक आधार, अशा सहा अंगांनी त्यांची विभागणी केलेली आहे. गेल्या दोन आठवड्यांतील अनुभव आठवून प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. झोप लागते का, पैसा पुरतो का, रोजची कामे जमतात का, हे प्रश्न कोणत्याही आजाराच्या प्रश्नावलीत सापडतील. मात्र ओळखीच्या माणसांनी आपल्याला स्वीकारले आहे असे वाटते का, संसर्गाबद्दल कोणी दोष देते याचा त्रास होतो का, भविष्याची भीती वाटते का, मृत्यूचे विचार सतावतात का, हे प्रश्न या आजाराचे म्हणून आहेत.

एकच अहवाल, दोन आयुष्ये

हे मोजमाप का लागते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. उदाहरण काल्पनिक आहे. त्यातील परिस्थिती मात्र या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही परिचित आहे.

समजा, एकाच केंद्रात दोघे जण उपचार घेतात. पहिले गृहस्थ शहरातील एका शाळेत लिपिक आहेत. पत्नीला सारे ठाऊक आहे, किंबहुना गोळीची आठवण तीच करून देते. केंद्र घरापासून अर्ध्या तासावर आहे आणि एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात. दुसरी स्त्री चाळिशीच्या आतली विधवा आहे. पतीच्या अखेरच्या आजारपणात तिचीही तपासणी झाली. सासरी राहणे अशक्य झाले, म्हणून ती भावाच्या घरी राहते आणि चार घरची धुणीभांडी करते. गावातले कोणी भेटू नये यासाठी तिने जवळचे केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यातले निवडले आहे. त्या दिवसाचा पगार बुडतो, एसटीचे भाडे पडते आणि परतताना गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल खरवडून काढावे लागते. वहिनीला विचारले तर ती सांगते, ‘रक्त वाढायच्या गोळ्या आहेत.’

दोघांच्याही रक्ताच्या तपासणीत विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके कमी आहे. केंद्राच्या तक्त्यात दोघांची नोंद एकाच रकान्यात, ‘यशस्वी’ म्हणून होते. ३१ प्रश्नांची ती प्रश्नावली मात्र या दोघांना एका रकान्यात बसवणार नाही. नैराश्य, कलंकाची भीती, रोजगाराचा अभाव आणि एकाकीपणा यांचा जीवनमानाशी असलेला संबंध निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वारंवार दिसून आला आहे. स्त्रियांचे जीवनमान पुरुषांपेक्षा कमी आढळल्याच्या नोंदीही पुष्कळ आहेत. वर वर्णन केलेल्या परिस्थितीत हे का घडते, ते सांगायला नको.

‘समाधानी’ या उत्तरामागे

जीवनमानाबरोबर दुसरी गोष्ट मोजली जाते ती उपचारांबाबतच्या समाधानाची. हे मोजमाप वरवर सोपे वाटते, पण अधिक फसवे आहे. समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असते. ज्याने २००४ पूर्वी औषधांअभावी नातलग गमावले, त्याला फुकट मिळणारी गोळी हेच मोठे वरदान वाटते. तीन तास उभे राहावे लागले, याची तो तक्रार करणार नाही.

दुसरे कारण परावलंबनाचे. ही औषधे आयुष्यभर घ्यायची आहेत, आणि गरिबाला सरकारी केंद्राशिवाय पर्याय नाही. ज्या खिडकीवर पुढच्या महिन्यात पुन्हा हात पसरायचा आहे, तिच्याविषयी वाईट कोण बोलेल? त्यातच प्रश्न विचारणारी व्यक्ती केंद्रातीलच कर्मचारी असेल आणि विचारपूस खिडकीसमोरच होत असेल, तर उत्तर काय येणार हे आधीच ठरलेले असते. आपल्याकडील भिडस्त स्वभावाचाही यात वाटा आहे. समुपदेशक ताई चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटायला नको, म्हणूनही माणूस ‘छान आहे’ म्हणतो.

आरोग्यसेवेच्या दर्जाचे विश्लेषण करणारे अमेरिकी अभ्यासक अॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये तीन कसोट्या मांडल्या : साधनसामग्री, सेवेची प्रत्यक्ष प्रक्रिया आणि तिचे फलित. आपल्याकडे पहिली आणि तिसरी बाजू मोजली जाते. किती केंद्रे उघडली आणि किती रुग्णांचा विषाणू आटोक्यात आला, याची आकडेवारी ठेवली जाते. मधली प्रक्रिया, म्हणजे रुग्णाला त्या इमारतीत कसे वागवले गेले, ही बहुतांशी रुग्णाच्या मनातच राहते.

त्यावर उपाय म्हणून अनेक तज्ज्ञ ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून घडलेल्या गोष्टी विचाराव्यात असे सुचवतात. आज किती वेळ थांबावे लागले? समुपदेशकाशी झालेले बोलणे इतरांना ऐकू जात होते का? नाव मोठ्याने पुकारले गेले का? विषाणूच्या तपासणीचा आकडा आणि त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला का? ठरलेल्या संख्येपेक्षा कमी गोळ्या देऊन पुन्हा बोलावले गेले का? अशा प्रश्नांना भिडस्त माणूसही खरे उत्तर देऊ शकतो, कारण त्यात कोणाची निंदा करावी लागत नाही. हे प्रश्न केंद्राबाहेर, आणि शक्य तर एचआयव्हीसह जगणाऱ्या सहकाऱ्यांनीच विचारले, तर उत्तरे अधिक विश्वासार्ह होतात.

हा केवळ सौजन्याचा विषय नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सेवेबाबत अधिक समाधानी असलेले रुग्ण दवाखान्यात अधिक नियमितपणे येतात आणि औषधेही अधिक नेमाने घेतात, असे आढळले. विषाणू आटोक्यात राहणे हे त्या नेमावरच अवलंबून असते. औषधांत वारंवार खंड पडला, तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो आणि अधिक महाग, अधिक गुंतागुंतीचे उपचार करावे लागतात. एकदा अपमान होऊन परत न आलेला रुग्ण शेवटी ‘उपचार सोडलेला’ या शीर्षकाखाली नोंदला जातो; त्याने ते का सोडले, याची नोंद होत नाही.

केंद्राच्या भिंतीपलीकडे

एआरटी केंद्रातील कर्मचाऱ्यांना या आजाराची सवय असते. खरी कसोटी रुग्णालयाच्या इतर विभागांत लागते. हर्नियाची शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा दाताचे दुखणे निघाले, की टाळाटाळ सुरू होते, हा अनुभव अनेक बाधितांच्या वाट्याला येतो. वास्तविक रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच दक्षता घ्यावी, हे वैद्यकशास्त्राचे तत्त्व आहे, कारण कोणाला कोणता संसर्ग आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणजे एचआयव्हीबाधितासाठी वेगळ्या भीतीला शास्त्रीय आधार नाही.

वाढते वय हा आणखी एक पैलू आहे. पहिल्या पिढीतील रुग्ण आता पन्नाशी-साठी गाठत आहेत. त्यांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे व हाडांचे विकार जडतात. बाधित स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. एचआयव्हीची औषधे एका इमारतीत, मधुमेहाची दुसरीकडे आणि मनाच्या आजाराची कुठेच नाहीत, अशी स्थिती असेल तर रुग्णाचे अर्धे आयुष्य रांगेत जाते. नैराश्याची प्राथमिक चाचपणी तर नऊ साध्या प्रश्नांतून होऊ शकते.

औषधांचा अखंड पुरवठा ही सर्वांत मूलभूत अपेक्षा. २०२२ मध्ये काही औषधांच्या तुटवड्याची तक्रार करीत रुग्णांनी दिल्लीत ‘नॅको’च्या कार्यालयाबाहेर दीर्घकाळ धरणे धरले होते. साठा पुरेसा असल्याचे सरकारचे म्हणणे होते. वाद काहीही असो, महिन्याच्या गोळ्यांऐवजी आठवड्याच्या गोळ्या मिळणे याचा अर्थ रोजंदारीवरील माणसासाठी चार खाडे, हे विसरता येत नाही.

दिलासा देणारी माहिती

जीवनमानावर सर्वाधिक परिणाम करू शकणारी एक गोष्ट मात्र कोणत्याही बाटलीत येत नाही. २०११ मध्ये नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. पुणे आणि चेन्नई येथील जोडप्यांचाही त्यात समावेश होता. लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला संसर्ग होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. त्यानंतर २०१६ आणि २०१९ मध्ये युरोपातील अभ्यासांनी पुढचे पाऊल टाकले. नियमित औषधांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे गेला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे आता शास्त्राने मान्य केले आहे. आपण इतरांना धोकादायक आहोत, हे ओझे वर्षानुवर्षे वाहणाऱ्या माणसाला हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले का, हाही सेवेच्या दर्जाचाच प्रश्न आहे.

कायद्याचे पाठबळ

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही, असा महत्त्वपूर्ण निर्णय दिला. अर्जदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या खटल्यात नावांऐवजी अक्षरे वापरली गेली. त्यानंतर वीस वर्षांनी संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मंजूर केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडे यांत भेदभाव करण्यास तो मनाई करतो. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संसर्गाची माहिती उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक, आणि आरोग्य संस्था असल्यास वीस किंवा अधिक, व्यक्ती असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. उपचार नाकारल्यासारख्या तक्रारींसाठी राज्यात लोकपालाची तरतूद असून, तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी २४ तासांत आदेश देणे अपेक्षित आहे.

कायदा वापरायचा तर तक्रार करावी लागते आणि तक्रार करायची तर समोर यावे लागते. ओळख लपवून कार्यवाही चालवण्याची सोय कायद्यात आहे. पण ती ठाऊक असलेले थोडे. याविषयी किंवा उपचारांविषयी माहिती हवी असल्यास १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनामूल्य उपलब्ध आहे.

मोफत औषधांची देशव्यापी व्यवस्था उभी करणे, ही भारताने केलेली कामगिरी लहान नाही. तिच्यावर टीका करणे हा या लेखनाचा हेतू नाही. उलट, ती यशस्वी झाली म्हणूनच पुढचा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर केवळ सरकार देऊ शकणार नाही. सहकाऱ्याच्या दर महिन्याच्या रजेबद्दल खोदून न विचारणारे कार्यालय, भाडेकरूच्या गोळ्यांची चौकशी न करणारा घरमालक आणि विधवा सुनेला घरात ठेवून घेणारे सासर यांचाही त्यात वाटा आहे. शेजारच्या जिल्ह्यात जाऊन गोळ्या आणणाऱ्या त्या स्त्रीला ज्या दिवशी आपल्याच तालुक्याच्या केंद्रात जावेसे वाटेल आणि बाटलीवरचे लेबल खरवडावे लागणार नाही, त्या दिवशी तिने दिलेले ‘सगळे चांगले आहे’ हे उत्तर आपण निःशंकपणे खरे मानू शकू.